पान सेहेचाळीस

शहापुरातल्या माझ्या दुकानात
लग्नपत्रिका होतात, सोसायटीचे अहवाल,
बारशाचे फलक,
कानडी आधी की मराठी आधी, ते गिऱ्हाईक बघून.
जानेवारीत तोफखाना आला.
एका डोंगरी बॅटरीची पंचाहत्तर वर्षं,
तीन फुलस्केप वह्यांत,
खताच्या पिशवीत गुंडाळलेली.

आणणारा सटुप्पा, बेक्किनकेरीचा, निवृत्त हवालदार.
"उजवा कान बॅटरीला दिलाय," म्हणाला,
"डाव्या अंगाला बस पोरी, आणि मोठ्यानं बोल."
मी बावन्न वर्षांची. बसले.

टाइप करत गेले.
तोफ तुकड्यातुकड्यांनी डोंगर चढते:
नळी एका खेचरावर, चाकं दुसऱ्यावर,
वर नेऊन जोडायची, डागायची,
उजाडायच्या आत पुन्हा मोडायची.
खेचरांच्या खुरांवर नंबर.
नावं मात्र वहीच्या समासात, पेन्सिलीनं:
बिजली, सुभेदारीण, नंदगडची थोरली.
ही छापायची का, विचारलं.
"घे की. पेन्शन न्हाई त्यास्नी, नाव तरी."

मग पान सेहेचाळीस.
बर्फातल्या अकरा रात्री बॅटरीने सलग मारा केला.
शत्रूची मोठी हानी झाली.
आणि खाली, निराळ्या शाईत:
एक गोळा तोकडा पडला.

समितीकडून प्रूफ परत आलं.
त्या चार शब्दांवर लाल रेघ, शेजारी कर्नलसाहेबांची सही.
मी ओळ काढली.
सटुप्पानं पुन्हा घातली.
त्यांनी पुन्हा काढली.
तिसऱ्या खेपेला तो चहा पुढ्यात घेऊन बसला,
प्यालाच नाही.

"थंडीत दारू सुस्तावती.
पेटीत थर्मामीटर खुपसायचा, पारा वाचायचा,
आकडा वरडायचा. त्येच्यावर पल्ला.
ते काम माझं.
त्या राती मी सांजचाच आकडा वरडलो.
बॅटरी पेटवली तर उजेड दिसंल म्हणून."
मग बराच वेळ काही नाही.
रस्त्यावरनं एक मोर्चा गेला, घोषणा देत;
कुठल्या भाषेतल्या, त्याला कळलं नसावं.
"खरं, उजेडाचं न्हवं ते.
बोटं खिशातनं काढवंनात."

पुढं आपलंच पायदळ होतं.
त्यात लुमाण्णा, कडोलीचा.
दोघं एकाच मोटारीनं रजेवर यायचे,
सांबऱ्याचा फाटा आला की भांडायचे
तिकीट कुणी काढायचं त्यावरनं.
घरच्या पत्रात लिहिलं, शत्रूचा गोळा.
गावच्या कट्ट्यावर दगडात तेच कोरलं,
दर पंधरा ऑगस्टला झेंडू.

ओळ शेवटी निघाली. पैसे समितीचे.
एक ओळ गेली की मशीन खालचं सगळं वर ओढतं,
आपोआप, कुणी न सांगता.
तेवढं मी करू दिलं नाही.
सटुप्पानं खिशातनं स्टीलची पट्टी काढली,
कोऱ्या जागेवर ठेवली.
"किती?"
"सहा मिलिमीटर," मी डाव्या कानात.
"तिकडं दोनशे यार्ड हुतं."

तीनशे प्रती टेम्पोनं गेल्या.
कुणाचा फोन नाही, तक्रार नाही,
बिलही अजून अर्धंच आलंय.

एक प्रत तो कडोलीला घेऊन गेला होता.
लुमाण्णाची बायको आता कुणाला ओळखत नाही.
पुस्तक पणतूनं घेतलं, कानडी शाळेत पहिलीला आहे,
आपली अक्षरं त्याला यायची आहेत.
चित्रं शोधत पानं उलटत गेला,
मधेच थांबला,
बोट ठेवून विचारलं, इथं काय राहिलंय?

"मग? काय सांगितलंत?"

"पोरगं उजव्या अंगाला बसलं हुतं,"
सटुप्पा म्हणाला,
आणि गार चहा एका घोटात प्याला.